अडॉल्फ सॅक्स आणि ट्यूबाची गोष्ट : शोध नक्की कोणाचा?



आज आपण अडॉल्फ सॅक्स या वाद्य घडवणाऱ्या कारागिराच्या जीवनाची माहिती पाहणार आहोत. सॅक्सोफोन हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. ते यांच्याच आडनावावरून पडलं. पण आजचा लेख सॅक्सोफोनसाठी नाही. बँडमध्ये सगळ्यात मागे जे सगळ्यात मोठं पितळी वाद्य असतं ना, त्या ट्यूबासाठी आहे. आणि खरं सांगायचं तर माझी एक चूक दुरुस्त करण्यासाठी आहे.

झालं असं. आमची शाळा सदरमध्ये. २६ जानेवारीची परेड कस्तुरचंद पार्कवर असते, म्हणजे आमच्या मुलांना पायी जाण्याइतकं जवळ. एका वर्षी परेड पाहून आल्यावर वर्गात सगळी चर्चा बँडचीच. एका मुलाने विचारलं की तो अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळलेला पितळी भोंगा कोणी बनवला? मी क्षणभरही विचार न करता ठोकून दिलं की सॅक्सोफोनवाल्या सॅक्सने. मुलांनी लिहूनही घेतलं. घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की उत्तर चुकलंय. पूर्ण चुकलेलंही नाही, हीच खरी पंचाईत. म्हणून सॅक्स यांचं आयुष्य नीट वाचलं. ते तुमच्यापुढे ठेवतो.

बालपण : मरता मरता वाचलेला मुलगा

अडॉल्फ सॅक्स यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८१४ रोजी दिनाँ या गावी झाला. हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. तेव्हा बेल्जियम नावाचा देशच नव्हता, तो १८३० साली झाला. वडील चार्ल्स जोसेफ सॅक्स मूळचे सुतारकाम करणारे, पुढे स्वतःच्या हिकमतीवर वाद्यं बनवायला लागले. अडॉल्फच्या जन्मानंतर थोड्याच काळात कुटुंब ब्रुसेल्सला आलं आणि वडिलांचा कारखाना तिथे नावारूपाला आला. अकरा भावंडांत अडॉल्फ थोरला.

या मुलाचं बालपण वाचताना आईबापांचा जीव वर-खाली होईल. चरित्रकार सांगतात, तो लहानपणी तीन मजल्यांवरून खाली पडला. दूध समजून आम्लाचं पाणी प्यायला. टाचणी गिळली. बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजला. तापलेल्या लोखंडी भांड्यावर पडून पुन्हा भाजला. ताजं वार्निश लावलेल्या वस्तू ठेवल्या होत्या त्या खोलीत झोपला आणि गुदमरला. छपरावरून पडलेला दगड डोक्यात बसला. नदीत बुडता बुडता वाचला. शेजारीपाजारी त्याला छोटं भूत म्हणायचे म्हणे. हा मुलगा काही जगत नाही अशी आईचीही समजूत झाली होती.

आता यातली एकूण एक घटना अशीच घडली का, ते सोडून देऊ. पण एक गोष्ट बघा. हे सगळे अपघात कारखान्यातल्या मुलाचे आहेत. वार्निश, आम्ल, भट्टी, दारू. घरातच कारखाना, आणि मुलगा प्रत्येक गोष्टीत हात घालणारा. आपल्या वर्गात असा एखादा पोट्टा असतोच. पेन उघडून आतली स्प्रिंग काढणारा, पंख्याच्या बटणाशी खेळणारा. त्याला आपण दिवसातून किती वेळा खाली बसवतो, हे ज्याचं त्याने आठवावं.

शिक्षण आणि पहिली कामं

वडिलांच्या हाताखाली अडॉल्फ हत्यारं चालवायला शिकला आणि त्याच वेळी ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत बासरी आणि क्लॅरिनेट वाजवायला शिकला. दोन्ही एकत्र येणं हे महत्त्वाचं. बहुतेक कारागिरांना वाजवता येत नसे आणि बहुतेक वादकांना घडवता येत नसे. या मुलाला सूर कुठे फसतो ते कानाने कळायचं आणि का फसतो ते हाताने तपासता यायचं. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८३० साली, त्याने स्वतः घडवलेल्या हस्तिदंती बासऱ्या आणि क्लॅरिनेट प्रदर्शनात मांडली.

१८३८ साली सॅक्स यांनी बास क्लॅरिनेट सुधारून त्याचं पेटंट घेतलं. आधीचं बास क्लॅरिनेट म्हणजे अवजड आणि बेसूर प्रकरण होतं. यांनी त्याची नळी सरळ केली, भोकांची मापं आणि जागा नव्याने ठरवल्या. खालच्या सुरांची वाद्यं नीट कशी वाजतील, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसला तो आयुष्यभर.

१८४१ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात परीक्षकांनी त्यांची शिफारस सर्वोच्च पदकासाठी केली. पण वय लहान आहे, आत्ताच सगळ्यात मोठं पदक दिलं तर पुढे द्यायला काही उरणार नाही, असं म्हणून वरच्या समितीने त्याखालचं पदक देऊ केलं. सॅक्स यांनी ते नाकारलं आणि १८४२ साली पॅरिस गाठलं.

त्या काळात अडचण काय होती?

पॅरिसला जाण्याआधी आपण थोडं थांबू, कारण ट्यूबाची गोष्ट इथे सुरू होते.

आपली तुतारी घ्या. तिला ना भोकं, ना बटणं. नळीची लांबी ठरलेली. त्यामुळे ओठांचा ताण बदलून मोजकेच सूर निघतात, मधले निघत नाहीत. युरोपातल्या पितळी वाद्यांचंही तसंच होतं. मधले सूर काढायचे तर नळीची लांबी बदलायला हवी.

खालच्या सुरांसाठी त्यांच्याकडे आधी सर्पंट होतं. नावाप्रमाणे सापासारखी वळणं घेतलेली लाकडी नळी, वर चामडं मढवलेलं आणि बोटांसाठी भोकं. मग १८१७ च्या सुमारास पॅरिसमध्ये ऑफिक्लाइड नावाचं पितळी वाद्य निघालं. त्याला भोकांवर झाकणं होती. अडचण अशी की नळीला मध्येच भोक उघडलं की तो सूर एका आवाजाचा, शेजारचा सूर दुसऱ्याच आवाजाचा. एक भरदार, एक फाटका.

यावर उपाय निघाला जर्मनीत, सॅक्स जन्मले त्याच सुमारास. तो म्हणजे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की हवा एका जादा नळीतून फिरून येते आणि मुख्य नळीची लांबी तेवढ्यापुरती वाढते. भोक पाडायची गरजच नाही.

या व्हॉल्व्हचा वापर करून बर्लिनमध्ये लष्करी बँडचे प्रमुख विल्हेल्म वीपरेख्ट आणि वाद्यकार योहान गॉटफ्रीड मॉरिट्झ यांनी एक मोठं वाद्य तयार केलं. नळी जाड, हळूहळू रुंदावत जाणारी, पाच व्हॉल्व्ह. १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्यांना प्रशियाचं पेटंट मिळालं. त्या वाद्याचं नाव बास ट्यूबा. तेव्हा सॅक्स वीस वर्षांचे होते आणि ब्रुसेल्समध्ये होते.

तर मंडळी, माझ्या उत्तरातली चूक ही अशी. ट्यूबा सॅक्स यांनी शोधला नाही.

मग सॅक्स यांनी काय केलं?

पॅरिसमध्ये सॅक्स यांनी रू सें जॉर्ज या रस्त्यावर कारखाना थाटला. संगीतकार बर्लिओझ वर्तमानपत्रात संगीतावर लिहायचे. जून १८४२ मध्ये त्यांनी या परक्या तरुणावर लेख लिहिला आणि एका दिवसात त्याचं नाव शहरभर झालं. शहरातल्या जुन्या वाद्यकारांच्या डोळ्यांत ते तेव्हापासूनच खुपायला लागलं.

सॅक्स यांचं म्हणणं साधं होतं. वाद्याचा आवाज कसा येईल हे पत्रा कसला आहे यावर ठरत नाही, तर आत कोंडलेल्या हवेचा आकार कसा आहे यावर ठरतं. नळी किती लांब, किती जाड, किती वेगाने रुंदावत जाते, यावर. लांबी सूर ठरवते आणि जाडी-रुंदी आवाजाचा पोत ठरवते.

हे मान्य केलं की पुढची पायरी आपोआप येते. एक चांगला आकार ठरवायचा आणि तोच लहान-मोठ्या मापांत घडवायचा. आपल्याकडे मिरजेचे तंबोरे पुरुषी आणि बायकी गळ्यासाठी वेगवेगळ्या मापांचे होतात, पण ठेवण एकच असते. तसंच. १८४३ मध्ये सॅक्स यांनी व्हॉल्व्ह असलेल्या पितळी वाद्यांच्या अशा एका कुटुंबाचं पेटंट घेतलं. त्यात सगळ्यात वरच्या सुराच्या चिमुकल्या वाद्यापासून खर्जातल्या मोठ्या वाद्यापर्यंत सगळे एकाच ठेवणीचे. यांना पुढे सॅक्सहॉर्न म्हणायला लागले. सगळ्यांची बोटं सारखी. एक शिकला की बाकीची हाताळता येतात. लष्करात जिथे शेतकऱ्याच्या पोराला थोड्या महिन्यांत वादक बनवायचं असतं, तिथे हे किती सोयीचं असेल, विचार करा. सॅक्सोफोनचं पेटंट नंतरचं, १८४६ चं.

२२ एप्रिल १८४५ : मैदानातली परीक्षा

फ्रेंच लष्कराच्या बँडची अवस्था तेव्हा वाईट होती. सॅक्स यांनी नव्या वाद्यांचा बँड सुचवला. जुन्या पद्धतीच्या बाजूने काराफा हे संगीतकार उभे राहिले. शेवटी ठरलं की पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर, जिथे आज आयफेल टॉवर आहे, दोन्ही बँड लोकांपुढे वाजवतील.

काराफांकडे ४५ वादक होते. सॅक्स यांचेही तेवढेच ठरले होते, पण ऐन वेळी सात जण आलेच नाहीत. त्यांना कोणी फितवलं याची चर्चा पुढे बरीच झाली. ३८ जणांवर सॅक्स उभे राहिले, स्वतःही वाद्य घेऊन वाजवायला उतरले. मैदानात सुमारे वीस हजार लोक. उघड्यावर जुन्या बँडचा खालचा सूर विरून जात होता आणि सॅक्स यांच्या बँडचा लांबवर पोचत होता. लोकांनी कौल दिला. सप्टेंबर १८४५ मध्ये सरकारी आदेश निघाला आणि सॅक्स यांची वाद्यं फ्रेंच लष्करात आली.

आणि मग कोर्टकचेऱ्या

इथे आपण साधारणपणे गोष्ट संपवतो ना? हुशार मुलगा, हेवा करणारे लोक, शेवटी विजय. पण पुढची तीस वर्षं जास्त शिकवणारी आहेत.

त्याच १८४५ साली सॅक्स जर्मनीत गेले. तिथे वीपरेख्ट यांनी समोरासमोर हरकत घेतली, की ही वाद्यं जर्मनीत आधीपासून आहेत. इकडे पॅरिसच्या वाद्यकारांनी १८४६ मध्ये एकत्र येऊन सॅक्स यांची पेटंट रद्द करावीत म्हणून दावा लावला. त्यांचंही म्हणणं हेच, की व्हॉल्व्ह याचे नाहीत, वळलेली नळी याची नाही, मग यात नवं काय?

खरं सांगा, त्यांचं चूक होतं का? व्हॉल्व्ह सॅक्स यांचे नव्हतेच. ट्यूबा त्यांचा नव्हता. निमुळती नळी तर तुतारीइतकी जुनी. सॅक्स यांचं होतं ते प्रमाण, ठेवण आणि एकाच घराण्याची कल्पना. ती दाखवता येते, ऐकवता येते, पण कोर्टात बोट ठेवून सिद्ध करणं कठीण. खटला वर्षानुवर्षं चालला. १८५४ मध्ये निकाल सॅक्स यांच्या बाजूने लागला. पण तोवर १८४८ ची क्रांती झाली, नव्या सरकारने लष्करी बँडचा आदेश फिरवला आणि १८५२ मध्ये सॅक्स यांचं दिवाळं निघालं. पुढे तिसऱ्या नेपोलियनची मर्जी बसली आणि काम परत मिळालं. मग सॅक्स स्वतः इतरांवर खटले भरत राहिले. जिंकलेही. पण जिंकलेले पैसे वकिलांत आणि नव्या प्रयोगांत गेले.

याच काळात, १८५३ पासून, त्यांच्या ओठावर गाठ वाढली. वाद्य फुंकून तपासणाऱ्या माणसाचा ओठ! काही वर्षांनी ती बरी झाली आणि १८५९ मध्ये मित्रांनी आनंदसोहळा केला. एका जडीबुटीवाल्याने बरं केलं असं म्हणतात. वर्गात हे सांगाल तर जपून सांगा, कारण तो जडीबुटीवाला पुढे स्वतःच फसवणुकीच्या खटल्यात अडकला.

१८५७ पासून सॅक्स यांनी पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेत लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवला. १८७० च्या युद्धात तो वर्ग बंद पडला. १८७३ आणि १८७७ मध्ये पुन्हा दिवाळं. त्यांनी जमवलेल्या चारशेहून जास्त वाद्यांच्या संग्रहाचा १८७७ च्या डिसेंबरात लिलाव झाला. म्हातारपणी त्यांनी लोकांना जाहीर विनंती केली, काही संगीतकारांनी सरकारकडे खटपट केली, तेव्हा लहानसं वेतन मिळालं. फेब्रुवारी १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

एकच ट्यूबा का झाला नाही?

आता वर्गातला दुसरा प्रश्न. सॅक्स यांना एक घराणं, एक ठेवण हवी होती. वीपरेख्ट यांनी तर ट्यूबा आधीच दिला होता. मग आज सिंफनी ऑर्केस्ट्रात देशागणिक वेगळा ट्यूबा का दिसतो?

आधी लांबीचा हिशेब. नळी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर साधारण साडेचार फूट. सॅक्स यांच्या बास सॅक्सहॉर्नची ९ फूट. सगळ्यात मोठ्या ट्यूबाची १८ फूट. म्हणजे ट्रम्पेटच्या चौपट आणि बरोब्बर दोन सप्तकं खाली. आता प्रकार बघा.

१. जुना फ्रेंच ट्यूबा. नळी फक्त ८ फूट, सूर सी, व्हॉल्व्ह सहा. हा थेट सॅक्सहॉर्नचा वंशज. लहान असल्यामुळे वरचे सूर गोड निघतात आणि सहा व्हॉल्व्हमुळे खालीही उतरता येतं. १९२२ मध्ये राव्हेल यांनी मुसोर्गस्कीच्या पियानोवरच्या चित्रमालिकेची ऑर्केस्ट्रासाठी मांडणी केली. त्यात बैलगाडीच्या भागात ट्यूबाला खूप उंच सूर दिलेत, ते हा ट्यूबा डोळ्यांपुढे ठेवून. मोठा ट्यूबा वाजवणारे आजही तेवढ्यासाठी बरेचदा लहान वाद्य हातात घेतात.

२. जर्मन पद्धत. इथे दोन वाद्यं. एक १२ फुटी एफ ट्यूबा, म्हणजे वीपरेख्ट-मॉरिट्झ यांच्या मूळ वाद्याचा वारस. दुसरा १८ फुटी बी फ्लॅट, खर्जासाठी. व्हॉल्व्ह बहुतेक फिरते. बटण दाबलं की आतली गोल चकती पाव वळसा फिरते. वाग्नर १८५३ मध्ये पॅरिसला आले तेव्हा सॅक्स यांच्या कारखान्यात जाऊन सॅक्सहॉर्न बघून गेले होते. पुढे त्यांनी आपल्या संगीतनाटकांत खास वेगळे ट्यूबा आणि त्यांच्याखाली खर्जाचा मोठा ट्यूबाही वापरला.

३. इंग्रजी पद्धत. १३ फुटी ई फ्लॅट. व्हॉल्व्ह पिस्टनचे, म्हणजे वर-खाली जाणारे. सॅक्सहॉर्न इंग्लंडमध्ये पोचले ते डिस्टिन या वादक कुटुंबामार्फत, आणि तिथले गिरणी-खाणीतले ब्रास बँड त्यावरच उभे राहिले. इंग्लंडची खास देणगी म्हणजे भरपाईची नळी. ती खाली वेगळी सांगतो, कारण ती गणिताच्या तासाला उपयोगी आहे.

४. अमेरिकन पद्धत. ऑर्केस्ट्रात १६ फुटी सी ट्यूबा. १९३० च्या दशकात यॉर्क कंपनीने फिलाडेल्फियाच्या ऑर्केस्ट्रासाठी दोन अतिशय जाड नळीचे सी ट्यूबा घडवले. त्यांतला एक आर्नोल्ड जेकब्स यांच्याकडे आला. त्यांनी १९४४ पासून १९८८ पर्यंत शिकागोच्या ऑर्केस्ट्रात नोकरी केली. तो आवाज इतका गाजला की अनेक कंपन्या आजही त्या दोन वाद्यांची मापं घेऊन आपले मोठे ट्यूबा बनवतात.

दुकानात ट्यूबाला चार बाय चार, पाच बाय चार, सहा बाय चार असे आकडे लावतात. हे लांबीचे नाहीत बरं का. लांबी तीच, सूर तोच. फक्त नळी जाड आणि तोंड रुंद. जाड ट्यूबाचा आवाज सगळ्या ऑर्केस्ट्राखाली जाजम अंथरल्यासारखा पसरतो, पण धार कमी. बारीक ट्यूबाचा आवाज बाण मारल्यासारखा नेमका जातो, पण पसरत नाही. या आकड्यांना ठरलेलं मापही नाही. एकाचा पाच बाय चार तो दुसऱ्याचा सहा बाय चार असू शकतो. म्हणजे बघा, आतल्या हवेचा आकारच आवाज ठरवतो हे सॅक्स यांचं म्हणणं खरं निघालं. पण त्याच कारणाने एकच आकार सगळ्यांना पुरा पडला नाही. उंच सूर, खोल खर्ज, जोर आणि हलकेपणा हे सगळं एका नळीत मावत नाही.

आता टक्केवारी. सूर अर्धा स्वर खाली आणायला नळी सुमारे ६ टक्के वाढवावी लागते. १८ फुटांचे ६ टक्के म्हणजे १.०८ फूट, जवळपास १३ इंच. अर्ध्या स्वराच्या व्हॉल्व्हला तेवढी नळी जोडलेली असते. पण चौथा व्हॉल्व्ह दाबला की एकूण नळी साधारण २४ फूट होते. आता ६ टक्के म्हणजे १.४४ फूट, सव्वासतरा इंच. जोडलेली मात्र १३ इंचच! चार इंच कमी पडले आणि सूर चढला. इंग्लंडचे ब्लेकली यांनी १८७४ मध्ये यावर तोड काढली. चौथा व्हॉल्व्ह दाबला की हवा बाकीच्या व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरते आणि वाटेत छोटी जादा नळी भरपाई करते. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये त्याऐवजी पाचवा-सहावा व्हॉल्व्ह जोडला. गणित एकच, उत्तरं दोन.

आणि परेडमधला तो अजगर? तो सूझाफोन. ट्यूबा मांडीवर धरून बसायचं वाद्य आहे, चालताना जमत नाही. म्हणून खांद्यावरून अंगाभोवती वळवलेले हेलिकॉन युरोपात निघाले आणि १८९० च्या दशकात अमेरिकेत बँडप्रमुख सूझा यांच्या सूचनेवरून सूझाफोन घडला. सुरुवातीला त्याचं तोंड आकाशाकडे असायचं. लोक थट्टेने त्याला पाऊस झेलणारं भांडं म्हणत.

सदरपर्यंत कसं पोचलं?

१८१७ ची सीताबर्डीची लढाई आपण शिकवतो. त्यानंतर १८२१ मध्ये कामठीची छावणी झाली आणि सदरचा भाग रेसिडेन्सीच्या आसपास वाढला. छावणी आली की पलटण आली, पलटण आली की बँड आला. लष्करातली ही वाद्यं हळूहळू लग्नाच्या वरातीत उतरली. आता ती आपल्या देशातच होतात. मेरठची जली कोठी ही वस्ती बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. आणि लष्करी वादकांचं शिक्षण कुठे होतं माहीत आहे? आपल्या पचमढीला, जी जुन्या मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती आणि मुख्य राजधानी नागपूर.

वरातीत पोटाशी धरून वाजवतात ते मध्यम आकाराचं पितळी वाद्य पुढच्या वेळी नीट बघा. ते युफोनियम. नळी ९ फूट, सॅक्स यांच्या बास सॅक्सहॉर्नइतकीच. तो त्यांचा सख्खा मुलगा नाही, त्याचा उगम जर्मन. चुलत भाऊ म्हणा. पण ठेवण इतकी जवळची की ओळख पटते.

वर्गात काय करता येईल?

• बागेला पाणी घालायचा पाइप घ्या. एक तुकडा १ मीटरचा, एक २ मीटरचा. एका टोकाला नरसाळं बसवा, दुसऱ्या टोकाला ओठ घट्ट मिटून फुर्रर्र करत फुंका. लांब पाइपचा सूर खाली जातो हे मुलांना कानाने कळेल. पाइप गुंडाळला तरी सूर फारसा बदलत नाही, हेही दाखवा.
• वरची टक्केवारी फळ्यावर करून घ्या. १२ फुटी आणि १६ फुटी ट्यूबासाठी मुलांनी स्वतः काढावी.
• एक यादी करा : ट्यूबामध्ये कोणाकोणाचा हात आहे? मुलं एकच नाव लिहितील. मग एकेक नाव वाढवत न्या.

शेवटी

मी वर्गात परत गेलो आणि सांगितलं की त्या दिवशीचं उत्तर खोडा. मुलांना मजा वाटली, सर चुकले म्हणून. मग फळ्यावर नावं लिहिली. वीपरेख्ट, मॉरिट्झ, सॅक्स, ब्लेकली, सूझा, आणि शेवटी मेरठचा कारागीर, ज्याचं नाव आपल्याला कोणी सांगत नाही. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने वहीत सॅक्सचं नाव खोडलं नाही. त्याच्या वर दोन नावं लिहिली आणि खाली जागा मोकळी ठेवली. मला वाटतं सॅक्स यांच्याबद्दल लिहिण्याची हीच रीत बरोबर आहे. ते पहिले नव्हते आणि एकटेही नव्हते. पण आठ-आठ वेळा मरता मरता वाचलेल्या, तीनदा दिवाळं निघालेल्या त्या माणसाने खालच्या सुरांचा ध्यास सोडला नाही.

आपण चरित्र शिकवतो तेव्हा एका शोधावर एकच नाव चिकटवायची सवय लागलेली असते. परीक्षेत गुण मिळायला ती सोपी जाते. पण पेनची स्प्रिंग काढणाऱ्या पोराला त्यातून वाटतं की जगातलं सगळं कोणी ना कोणी आधीच पूर्ण करून ठेवलंय. त्याला कळू द्या, की अजून जागा मोकळी आहे.

लेख वर्गात वाचून दाखवा, पाइपचा प्रयोग नक्की करून बघा.